सल्काटाच्या पिल्लाला ‘कोरडंच हवं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: सल्काटा हे आफ्रिकेच्या वाळवंटातलं कासव, आपला खान्देशही तापट नि कोरडा, तेव्हा पिल्लाला काचेची पेटी, तळाला वाळू नि रोज एक केळं पुरे. पाणी दाखवायचं नाही, दिव्या-हीटरचा खर्च करायचा नाही.

गंमत म्हणजे सोबतचा फोटो स्टार कासवाचा आहे. ते आपल्या देशातलं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरात पाळणं गुन्हा. सल्काटा परदेशी असलं तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंद लागते. पुढचं सगळं नोंद असलेल्या सल्काटाबद्दल.

‘वाळवंटातलं, म्हणून कोरडं.’ सगळा घोळ इथे आहे. सल्काटाचा मुलूख सहाराच्या दक्षिणेचा साहेल पट्टा, हे खरं. पण भर दुपारी ते उन्हात बसत नाही, बिळात शिरतं, आणि बिळातली हवा वरच्यापेक्षा पुष्कळ दमट असते. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या कवचाचा एकेक खण टेकडीसारखा वर येतो, आणि आलेली टेकडी पुन्हा बसत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सल्काटाचीच पिल्लं कमी-जास्त आर्द्रतेत वाढवून पाहिली होती. मुख्य कारण कोरडी हवा निघालं, खाण्यातल्या प्रथिनांचा वाटा किरकोळ. पिल्लाला ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. मे महिन्यातल्या भुसावळच्या दुपारी ती २० च्याही खाली उतरते. म्हणजे जे आपलं बलस्थान म्हणून सांगितलंय, तीच अडचण आहे.

म्हणून पेटी झाकणाची हवी: ४ फूट लांब, २ फूट रुंद, दीड-दोन फूट उंच, प्लायची, आतून प्लास्टिकचं अस्तर. काचेची असेलच तर तीन बाजूंना बाहेरून पुठ्ठा लावा. पलीकडचं दिसत राहिलं की पिल्लू दिवसभर काचेला धडका देतं. तळाला ४ इंच कोकोपीट. पाच किलोची एक वीट भिजवून फुगली की एवढ्या पेटीला साधारण पुरते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. पुढे पाणी वरून शिंपडत बसू नका, चारही कोपऱ्यांत ओता. खालचा थर ओला नि वरचा जेमतेम दमट राहिला पाहिजे, नाहीतर पोटाकडचं कवच सडतं. लपायला माठाचा अर्धा तुकडा उपडा ठेवा, कडा घासून.

वाळू नको. ती चाऱ्याला चिकटून पोटात जाते नि आतडं तुंबतं. शेतातली काळी मातीही नको: ओली असली तर चिखल, वाळली की भेगा.

‘ओलीत ठेवलं की सर्दी होते’ असंही त्या फॉरवर्डमध्ये आहे. ओलीने होत नाही, ओल आणि गारठा एकत्र आले की होते. पेटीचा कुठलाच कोपरा रात्रीसुद्धा २६ अंशांखाली जाता कामा नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १० च्या खाली येतो, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतोच. तो थर्मोस्टॅटला (ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) जोडा आणि होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. उन्हाळ्यात कूलर खोलीत चालेल, पण त्याचा झोत पेटीवर नको.

‘एवढं ऊन असताना दिवा कशाला?’ कारण खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण येत नाहीत. ते नसले की ड-३ जीवनसत्त्व बनत नाही, खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही नि कवच मऊ पडतं. दोन फुटी टी-५ यूव्हीबी ट्यूब पिल्लापासून फूट-दीड फुटावर, दिवसाचे १२ तास. प्रकाश दिसत असला तरी किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाने बदला. एका टोकाला शेकायला साधा दिवा, त्याखाली ३५ ते ३८ अंश. दुसरं टोक २७-२८. मेमध्ये खोलीच ३८ वर गेली तर शेकायचा दिवा बंद, ट्यूब चालू. गच्चीवर टबात ठेवून ऊन देणं तर विसराच. सावली नसलेल्या टबात पिल्लू काही मिनिटांत भाजून निघतं.

आता केळं. जळगावच्या केळीचा अभिमान आपल्यालाही आहे, पण १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम जेमतेम ५ मिलिग्रॅम नि फॉस्फरस चौपटीहून जास्त. कासवाला हवं नेमकं उलटं. शिवाय साखरेने गवत पचवणारं पोट बिघडतं. हराळी, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग द्या. लसूणघास थोडाच. पेटीत समुद्रफेनाचा तुकडा ठेवा, पिल्लू हवा तेवढा कुरतडतं. कपाशीच्या बांधावरचं गवत मात्र कितीही हिरवंगार दिसलं तरी आणू नका, त्यावर तणनाशक उडालेलं असतं.

राहिलं ‘पाणी दाखवायचं नाही’. याने पुष्कळ पिल्लं मरतात. पेटीत कुंडीखालची उथळ ताटली पाण्याने भरून ठेवा, आणि रोज सकाळी २० मिनिटं पिल्लाला कोमट पाण्यात बसवा. पाणी हनुवटीखालीच हवं, हे कासव पोहत नाही. त्या पाण्यात पिल्लाच्या लघवीबरोबर पांढरं, दह्यासारखं मऊ काही पडलं तर ठीक. बोटाला रांगोळीसारखं खरखरीत लागलं तर पिल्लू तहानलेलं आहे. तिथून आठवडाभर दिवसातून दोनदा बसवा.