पिवळा फ्लॅशर चालतो म्हणे!

कापूस निघायला लागला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: "लाल-निळा दिवा बंद आहे, पण पिवळा स्ट्रोब कुणीही आपल्या गाडीला, ट्रॅक्टरला लावू शकतो. 2017 च्या आदेशात पिवळ्याचं नावच नाही. ही ॲक्सेसरी आहे, गाडीतला बदल नाही. धुक्यात जीव वाचतो. पेशंट नेताना लावा, वाट न देणाऱ्याला दहा हजार दंड." सोबत एका अमेरिकन पिकअपच्या जाळीत लखलखणाऱ्या दिव्यांचा व्हिडिओ. (स्ट्रोब म्हणजे झटक्याझटक्याने लखलखणारा दिवा, आपला फ्लॅशर.)

दारव्हा रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हाच मेसेज मोबाइलवर उघडून गिऱ्हाईक विचारतं, "पिवळा तं चालते ना भाऊ?" तर राजेहो, नाही चालत.

1 मे 2017 पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, ते सगळ्यांना आठवतं. पण पिवळ्याचं उत्तर त्या आदेशात शोधायचं कशाला? केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 108 बघा. गाडीच्या पुढून लाल उजेड दिसू नये आणि मागून लाल सोडून दुसरा दिसू नये, हा त्याचा गाभा. मग सवलती येतात: इंडिकेटरचा पिवळा, रिव्हर्सचा पांढरा, नंबर प्लेटवरचा पांढरा, शेतात नांगरताना अवजारावर पडणारा ट्रॅक्टरचा दिवा. टपावरच्या पिवळ्या दिव्याचाही उल्लेख आहे, पण तो विमानतळ, बंदर अशा आवारात फिरणाऱ्या आणि सार्वजनिक रस्त्यावर न येणाऱ्या गाड्यांच्या संदर्भात. बोलेरोच्या मागच्या काचेत लुकलुकणारा पिवळा स्ट्रोब यातल्या कशातही बसत नाही.

"ॲक्सेसरी, बदल नाही" हे तर दुकानदारांचं बोलणं. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा सुधारला, तेव्हा कलम 182ए मध्ये मालकाने परवानगीबाहेर केलेला बदल आला, आणि त्यात रेट्रोफिटिंगचा उल्लेख स्पष्ट आहे. प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गावाकडे कोण धरतं, असं वाटत असेल तर 2024 आठवा. पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवरच्या दिव्याने वाद पेटला, बदली आपल्या वाशीमला झाली आणि गाडी पोलिसांनी जप्त केली. (अडचणीत आलेल्या अधिकाऱ्याला विदर्भच का दाखवतात, तो वेगळा विषय.)

आता धुक्याचं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जिनिंगकडे निघालेल्याला धुकं काय असतं ते सांगायला नको. पुढे लावलेला स्ट्रोब पाण्याच्या कणांवर आपटून आधी तुमच्याच डोळ्यांत परत येतो. दर झटक्याला समोर पांढरी भिंत उभी राहते आणि पडते. मागच्या बाजूचा तर अजून फसवा. अंधारात रस्त्याच्या कडेला उभं राहून चालू स्ट्रोबकडे बघा: काहीतरी आहे एवढं कळतं. बैलबंडी आहे की जीप, उभी आहे की येते आहे, केवढी रुंद आहे, यातलं काही कळत नाही. डोळा अंतर आणि वेग पकडतो तो स्थिर दिव्यांवरून. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो, त्याचा अर्थ लागायला तेवढी सवड मिळते. हे चिनी कंट्रोलर सेकंदात चार-चार झटके मारतात. शेजारी चालू असलेला तुमचा खरा इंडिकेटर त्या लखलखाटात बुडून जातो. मिरगी असलेल्या काही लोकांना अशा झटक्यांनी झटका येऊ शकतो, ते निराळंच.

काही जण मग हळूच म्हणतात, "निळाच द्या ना, उठून दिसते." दिसतोच. अंधारात डोळा निळ्याला जास्त संवेदनशील होतो, म्हणूनच तो समोरच्याला जास्त आंधळं करतो.

पेशंटचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. रात्री पोट दुखणारी बाई, दवाखाना लांब, ॲम्ब्युलन्सच्या 108 ला फोन लावून झाला आणि गाडी अजून दुसऱ्या गावाला. अशा वेळी शेजाऱ्याची जीपच कामी येते, आणि त्या माणसाला दिवा हवासा वाटणं समजू शकतं. पण दहा हजारांचं कलम, 194ई, अग्निशमन गाडी, ॲम्ब्युलन्स आणि राज्य सरकारने ठरवलेल्या आपत्कालीन गाड्यांपुरतं आहे. स्ट्रोब लावल्याने तुमची जीप ॲम्ब्युलन्स होत नाही. आणि रात्री त्या रस्त्यावर वाट अडवायला असतं कोण? खड्डे असतात, रानडुक्कर असतं, एकदम आडवा येणारा रोही असतो. यातलं कुणी दिवा बघून बाजूला होत नाही. डिपर, हॉर्न आणि बेताचा वेग एवढंच हातात आहे. 108 वाल्यांशी बोलून मधल्या फाट्यावर गाठ घालता आली तर वेळ वाचतो. बाळंतपणाची केस असेल तर 102 पण लावा.

व्हिडिओतल्या पिकअपबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवक अग्निशमनवाल्यांना आपल्या गाडीवर निळा दिवा लावता येतो, पण तोही फक्त विनंतीचा दिवा. त्याने सिग्नल तोडायचा हक्क मिळत नाही.

बसवतात कसा, तेही सांगतो, कारण हे मी रोज उघडून बघतो. रिले नाही, फ्यूज नाही. फॉगलॅम्पच्या वायरचं प्लास्टिक दाताने सोलून जोड मारलेला, वर काळी टेप. आपल्याकडच्या मे महिन्यात टेपचा डिंक वितळतो, जाळीच्या पत्र्यावर वायर घासते आणि एक दिवस हेडलाइटसकट सगळं जातं. दिवा एखाद-दोन अँपिअरच ओढतो, दोष जोडाचा असतो. कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापलं की वायरिंगची वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.

मागून दिसायचंच असेल तर ट्रॉलीकडे बघा. दुकानात येणाऱ्या कितीतरी ट्रॉल्यांचा सात पिनांचा सॉकेट तुटलेला असतो, टेललॅम्प कधीपासून मेलेला, आणि कापसावरची ताडपत्री लोंबून रिफ्लेक्टर झाकलेला. त्यावर मालक फ्लॅशर मागतो! आधी सॉकेट बदला, टेललॅम्प जिवंत करा, मागच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रिफ्लेक्टर टेप मारा, बाजूंना पिवळी. ट्रॉलीची रुंदी मागच्याला त्या टेपवरूनच कळते, आणि तिला बॅटरी लागत नाही. टेप मारताना पत्रा आधी पुसून घ्या. धुळीवर मारलेली टेप आठवड्यात सुटते.

गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर चालू करा आणि लाल त्रिकोण बऱ्याच मागे, वळणाच्या आधी ठेवा. लुकलुकणारा दिवा हवाच असेल तर बॅटरीवरचा सुटा पिवळा ब्लिंकर घ्या, त्रिकोणाजवळ जमिनीवर ठेवा, गाडी निघाली की बंद करून डिकीत टाका. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर नकोत, चौकातून सरळ जायचंय म्हणून तर मुळीच नकोत. एका बाजूच्या माणसाला एकच लुकलुकताना दिसतो आणि तो समजतो, तुम्ही वळताय.

ज्यांनी स्ट्रोब आधीच बसवून घेतला आहे, त्यांनी नुसता स्विच बंद ठेवून भागणार नाही. बॅटरीपासूनची वायर काढून घ्या, कापलेल्या जोडावर टेपऐवजी हीट श्रिंकची (गरम केली की आवळून बसणारी) नळी चढवा, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घातली असेल तर ती आजच काढा.