परदेशातून : मांडव उतरल्यावर

गणपती किंवा लग्नसराई जवळ आली की सजावट आणि तिच्या कचऱ्याचा विषय निघतो, आणि मुंबईतील नातेवाइकांच्या बोलण्यात ‘तुमच्याकडे हे सगळे शिस्तीत असते’ हे वाक्य हमखास येते. लंडनच्या उपनगरात संसार थाटल्यापासून ही समजूत मला खोडून काढावीशी वाटते. महाराष्ट्राने सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ मध्येच बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने ती देशभर लागू केली आणि त्याच यादीत फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्याही घातल्या. त्याच काड्यांवर इंग्लंडमध्ये बंदी आली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. कायदे करण्यात आपण मागे नाही. अंमलबजावणीची रड वेगळी.

माझा आक्षेप आहे तो थर्मोकोलच्या जागी ‘इकोफ्रेंडली’ म्हणून जे येते, त्याला. पुठ्ठ्याच्या मखरावर प्लॅस्टिकचा चकचकीत थर आणि चमकी चढवली की ते रद्दीवालाही घेत नाही. लग्नाच्या स्टेजवरची ‘खरी फुले’ त्याहून फसवी. दादरच्या फूल बाजारातून आणलेली फुले निर्दोष असतात, पण गुलाब आणि जरबेरा ज्यात खोचतात तो भिजवलेला हिरवा फोम म्हणजे प्लॅस्टिकच. रात्री हॉल रिकामा करण्याच्या घाईत कामगार फुले उपटतात, तेव्हा त्याचा बोटांत भुगा होतो, तो गालिच्यावर सांडतो आणि पाकळ्यांबरोबरच झाडला जातो; मग त्या फुलांचे धड खतही होत नाही. येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनासह आपल्या प्रदर्शनांतून हा फोम २०२१ पासून हद्दपार केला. येथून उचलण्याजोगे काही असेल तर ते हेच, कारण पाण्याने भरलेले पितळी घंगाळ आणि तारेची जाळी एवढ्यावर तीच फुले उत्तम उभी राहतात.

फुलांच्या बाबतीत मात्र आमचीच अवस्था केविलवाणी आहे. येथे दुकानांतली फुले बहुतेक हॉलंड किंवा केनियातून आलेली असतात, त्यामुळे तेच प्लॅस्टिकचे तोरण दरवर्षी धुऊन लावणाऱ्या मराठी कुटुंबाला मी दोष देत नाही. मुंबईकराला ती सबब नाही. दसऱ्याला दादर स्थानकाबाहेर झेंडूचे ढीग लागलेले असताना दोन पावलांवर प्लॅस्टिकचा झेंडू खपतो, हे मला काही केल्या पटत नाही.

शिवाय सर्वांत भक्कम सोय मुंबईत मुळातच आहे. मंडप डेकोरेटरचे बांबू, पडदे, झालरी, समया, चौरंग हे सगळे भाड्याचे. एकच पडदा मुंजीपासून साखरपुड्यापर्यंत असंख्य कार्ये पाहतो. येथे घरगुती समारंभाला लोक सजावटीचे पाकीट विकत आणतात आणि दुसऱ्या दिवशी ते कचऱ्याच्या डब्यात जाते. नेमकी हीच सवय आता मुंबईत ‘थीम’ या नावाने शिरते आहे : वधूवरांच्या नावांची अक्षरे कापून केलेला फलक एका संध्याकाळपुरता बनतो, आणि तो पुन्हा भाड्याने कोण नेणार?

शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा, तर तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक स्वराज्य संस्थेला कळवावे आणि कचरा वेगळा करून द्यावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. सोसायटीच्या आवारात मांडव घालणाऱ्यांपैकी ते कितीजणांनी वाचले असेल, देव जाणे. म्हणून डेकोरेटरला विसार देतानाच दोन अटी लिहून घ्याव्यात : फोम वापरायचा नाही, आणि फुले, कापड व फलक वेगवेगळे उतरवायचे. मजुरीचे पैसे थोडे जास्त पडतील. फुग्यांची कमान रद्द केली की ते निघतात.