बेसिकला नावं ठेवणाऱ्यांनो, जरा ऐका

आज डबा खाताना ऑफिसातला एक नवा मुलगा बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल म्हणाला, "बेसिकवर वाढलेल्यांना खरं प्रोग्रॅमिंग येतच नाही." सगळे हसले. मला घास गिळवेना. घरी आलो तरी राग जात नाहीये, म्हणून लिहितोय.

हे त्याचं स्वतःचं मतही नाही. नामवंत संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की बेसिक शिकून आलेल्याला चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य. तेव्हापासून लोक तेच घोकतायत! अरे, १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी ही भाषा केली ती विज्ञान न घेतलेल्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. यात हसण्यासारखं काय आहे?

आमच्या शाळेत सरकारने शाळांना कॉम्प्युटर देण्यासाठी काढलेल्या 'क्लास' प्रकल्पातला बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर होता. मेमरी ३२ केबी. बटण दाबलं की समोर थेट बेसिक. विज्ञान प्रदर्शनाला आजोबा आले. पावकी, दिडकी, औटकी (साडेतीनचा पाढा), सगळं त्यांना तोंडपाठ. मी टाइप केलं:

१० फॉर आय = १ टू १०
२० प्रिंट आय * ३.५
३० नेक्स्ट

रन. आजोबा काचेवर बोट ठेवून पुटपुटत एकेक आकडा तपासत गेले. "साडेचोवीस... बरोबर. आता अडीचकी म्हणायला लाव." मी फक्त २० नंबरची ओळ नव्याने टाइप केली. जुनी आपोआप गेली. रन. अडीचकी हजर!

गोटूने, म्हणजे 'अमुक नंबरच्या ओळीवर उडी मार' या आज्ञेने, मोठ्या प्रोग्रॅमचा गुंता होतो, मान्य. पण बीबीसी बेसिकमध्ये तेव्हाही प्रोसिजर (प्रोग्रॅमचे नाव दिलेले सुटे तुकडे) होत्या, हे कोणी सांगत नाही.

त्या मुलावर तरी किती चिडू? त्याचा पहिला दिवस सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यातच गेला असणार. शेजारी आजोबा उभे आहेत आणि त्यांनी मागितलेलं मिनिटभरात पडद्यावर आलंय, हे त्याच्या वाट्याला आलंच नाही. आम्ही जुने लोक आजही क्यूबी६४ हे आजच्या कॉम्प्युटरवर चालणारं बेसिक उघडून बसतो, दहा ओळींत गेम लिहायच्या स्पर्धा होतात, ते याच आनंदासाठी. पोटापाण्याला दुसऱ्या भाषा आहेतच की.

जुन्या मंडळींनो, तुमचा पहिला प्रोग्रॅम खाली टाका. ओळींच्या नंबरांसकट.