कपाटावर गेलेलं पुस्तक

बहिणीने गेल्या रविवारी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीच्या हातातलं नार्नियाचं पुस्तक काढून घेतलं आणि कपाटावर टाकलं. कपाटातून सुरू होणारी गोष्ट कपाटावर! कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. तो थोडक्यात असा: नार्नियाचा लेखक सी. एस. लुईस ख्रिस्ती धर्माची वकिली करायचा. 1948 मध्ये ऑक्सफर्डला एका नास्तिक तरुणीने भर सभेत त्याचा धुव्वा उडवला. तोंड लपवायला तो मुलांच्या गोष्टींत शिरला आणि तिथे साखरेत घोळवून बायबल विकू लागला. त्याची तर्काची पुस्तकं आज कोणी उघडत नाही. खाली अर्थातच ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’.

बहिणीशी फोनवर भांडून झालं. पण तोच मजकूर आणखी दोन ग्रुपांवर दिसला, म्हणून लिहितोय.

ती ‘नास्तिक तरुणी’ म्हणजे एलिझाबेथ अँस्कम. तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइनची विद्यार्थिनी आणि पक्की कॅथलिक! म्हणजे लुईसची चूक काढली ती देव मानणाऱ्या बाईनेच. 2 फेब्रुवारी 1948, ऑक्सफर्डचं वादविवाद मंडळ सॉक्रेटिक क्लब. वाद होता लुईसच्या ‘मिरॅकल्स’ पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणावर. आपले विचार निसर्गातल्या आंधळ्या कारणांनीच घडत असतील तर कुठल्याच विचारावर, अगदी निसर्गापलीकडे काही नाही या निसर्गवादावरही, विश्वास ठेवता येणार नाही, असं लुईसचं म्हणणं. अँस्कम म्हणाली, विचार डोक्यात का आला आणि तो खरा कशावरून, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तुम्ही त्यांची सरमिसळ करताय. बरोबर होतं तिचं. मग लुईस पळाला? 1960 च्या आवृत्तीसाठी त्याने ते प्रकरण पुन्हा लिहिलं. पळालेला माणूस बारा वर्षांनी जुनं प्रकरण दुरुस्त करत बसतो होय? खुद्द अँस्कमनेच 1981 मध्ये आपल्या निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की ती संध्याकाळ तिला एक गंभीर, शांत चर्चा म्हणून आठवते, आणि लुईसच्या पुनर्लेखनात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. तो फार हादरला होता, असं सांगणारे मित्र होते, तेही तिनेच नोंदवलंय. एवढं वाचायचे कष्ट फॉरवर्डवाल्याने घेतले असते तर माझा रविवार वाचला असता.

शिवाय साधी बेरीज करा. बर्फाच्या जंगलात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बोकडाच्या पायांचा फॉन (नार्नियातलं एक पात्र) हे चित्र सोळाव्या वर्षापासून डोक्यात होतं आणि चाळिशीच्या सुमारास त्याची गोष्ट करून बघावीशी वाटली, असं लुईस स्वतः सांगतो. जन्म 1898 चा. म्हणजे वादात हरायच्या दहा वर्षं आधीच गडी पळून गेला! त्याची पहिली अंतराळ-कादंबरीही 1938 चीच.

साखरेत घोळवलेलं बायबल? नार्नियातल्या असलान सिंहाच्या मरणात ख्रिस्ताचं मरण आहे, हे लुईसने कधी लपवलं नाही. पण आधी धर्मतत्त्वांची यादी करून मग तिच्यावर गोष्टी चढवल्या, या समजाला 1956 च्या लेखात त्याने शुद्ध भंकस ठरवलंय. आधी चित्रं आली, धर्म मागून आपसूक आत शिरला.

तर्काची पुस्तकं कोणी उघडत नाही, हेही खोटं. युद्धकाळात बीबीसीवर दिलेल्या व्याख्यानांचं 1952 मध्ये ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ झालं. मानवी जनुकांच्या प्रकल्पाचा प्रमुख राहिलेला फ्रान्सिस कॉलिन्स नास्तिकाचा आस्तिक झाला, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा, हे त्यानेच लिहिलंय. मला स्वतःला ते वकिली थाटाचं वाटतं. बायको गेल्यावर लुईसने टोपणनावाने छापलेली दुःखाची छोटी वही त्याहून कितीतरी खरी. पण ही माझी आवड झाली.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. 1955 मध्ये एका अमेरिकी संपादकाला लेख लिहून द्यायला नकार देताना लुईसने कळवलं की समोरून हल्ला करण्याचे आपले दिवस संपले. आता जमलंच तर कथेतून, प्रतीकातून वाचकाला बेसावध गाठणं जमेल. म्हणजे वळण होतं. तरी पुढे 1958 मध्ये स्तोत्रांवर आणि 1960 मध्ये प्रेमाच्या चार प्रकारांवर सरळ गद्य पुस्तकं आलीच.

भाचीचं वाचन मिठाईच्या लोभाने एडमंड भावंडांना सोडून चेटकिणीकडे जातो तिथे अडकलंय. “मामा, तो परत येतो का?” मी सांगितलं नाही. तिच्या आईला म्हटलं, स्टूल आण.