वीस लाख लागले म्हणजे वीस लाख मिळत नाहीत
लॉटरीवरच्या लेखात ‘बक्षिसाची पूर्ण रक्कम खात्यात जमा होते’ असं छापलंय, ते चूक. १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे प्राप्तिकर, आधीच कापतात. २० लाखांचे १४ लाखच येतात. शिवाय रिटर्न भरताना त्या कापलेल्या ६ लाखांवर ४ टक्के उपकर (करावरचा कर), म्हणजे आणखी २४,०००. विमा, पीपीएफसारख्या गुंतवणुकीची करवजावटही इथे चालत नाही.

छोटी बक्षिसं इथे सोलापुरात नवी पेठेतला विक्रेताच देतो. मोठ्यासाठी मात्र मूळ तिकीट, पॅन, आधार घेऊन राज्य लॉटरीचं वाशीचं कार्यालय गाठायचं. आधी सीरिज (नंबराआधीची अक्षरं) जुळवा, नुसत्या नंबरावर पेढे वाटू नका! तिकिटामागे नाव, पत्ता, सही लगेच करा आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. शर्टाच्या खिशात तर ठेवूच नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने बारकोड पुसला की पडताळणीत अडकलंच म्हणून समजा.