‘फिलाडेल्फिया स्टोरी’मधल्या धक्क्याचा खोटा दाखला

भांडणात होणाऱ्या नवऱ्याने भिंतीवर ढकलले म्हणून माझ्या भाचीने साखरपुडा मोडला. त्यानंतर आठवडाही उलटला नसेल, तोच आमच्याच नात्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तिला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर पाठवला. १९४० च्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ या गाजलेल्या चित्रपटाचा त्यात दाखला आहे. नायक बायकोला तोंडावर धक्का देऊन पाडतो, तरी तीन पुरुषांमधून ती शेवटी त्यालाच निवडते, कारण खऱ्या प्रेमात एवढे चालायचेच आणि आजच्या मुलींनाच ते सोसत नाही, असे त्यात म्हटले आहे. पुढे जोड म्हणून, कारकीर्द बुडालेल्या कॅथरिन हेपबर्नला एमजीएम या स्टुडिओने दया येऊन नायिकेची भूमिका दिली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळाले, अशी माहिती आहे. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजणांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिला आहे, असा प्रश्न मला पडतो.

धक्क्याचा प्रसंग चित्रपटात आहे. अगदी सुरुवातीला, एकही शब्द न बोलता, घर सोडून निघालेल्या नवऱ्याची, म्हणजे डेक्स्टरची, गोल्फची काठी नायिका ट्रेसी गुडघ्यावर मोडते. तो परत फिरतो, मूठ उगारतो आणि मग तिच्या तोंडावर पंजा ठेवून तिला मागे ढकलून देतो. तो प्रसंग हशा पिकावा म्हणूनच रचला आहे, हेही मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पण त्याचा परिणाम काय होतो, हे संदेशात सोयीस्करपणे गाळले आहे. लग्न मोडते. पुढचे दृश्य दोन वर्षांनंतरचे आहे आणि त्यात ट्रेसीचे दुसरे लग्न उद्यावर आलेले आहे. डेक्स्टर परत येतो तो दारू सोडलेला माणूस म्हणून, आणि नंतर संपूर्ण चित्रपटात तो तिच्यावर हात उगारत नाही. तिचे मन त्या धक्क्याने वळले, असे सुचवणारी एकही ओळ पटकथेत नाही.

तिचा निर्णय ज्या रात्रीवर ठरतो, ती रात्र तर या संदेशाच्या नेमकी उलट बाजूची आहे. शॅम्पेन प्यायलेली ट्रेसी पत्रकार माईक कॉनरबरोबर मध्यरात्री पोहायला जाते आणि तिला उचलून आणताना माईक तिचा नियोजित वर जॉर्ज याच्या नजरेस पडतो. जॉर्ज लगेच वाईटात वाईट गृहीत धरतो आणि सकाळी पत्र पाठवून खुलासा मागतो. माईक सर्वांसमोर सांगतो की तसे काही घडले नाही, कारण ती दारूच्या अमलाखाली होती आणि अशा वेळी काही नियम पाळायचे असतात. ८० वर्षांपेक्षा जास्त जुन्या विनोदी चित्रपटात स्त्रीच्या संमतीविषयी इतके स्वच्छ बोलले गेले आहे. आपल्यावर विश्वास नसलेल्या जॉर्जला ट्रेसी नाकारते, माईकने तिथल्या तिथे घातलेली लग्नाची मागणीही आभार मानून नाकारते आणि मगच डेक्स्टरला होकार देते.

चित्रपटात खरोखर खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या बाहेरख्यालीपणाचा दोष ट्रेसीचे वडील मुलीच्या थंडपणावर ढकलतात आणि चित्रपट त्यांना तसे बोलू देतो. डेक्स्टरही स्वतःच्या दारूबद्दल बोलताना तिलाच समज देतो. तो काळच तसा होता, असे म्हणून मी ते माफ करणार नाही. संदेश लिहिणाऱ्याला जुन्या काळाचे उदाहरण हवेच होते, तर हे होते.

आता दयेविषयी. १९३८ मध्ये स्वतंत्र चित्रपटगृहमालकांच्या संघटनेने जाहिरात देऊन हेपबर्नला ‘बॉक्स ऑफिस पॉयझन’, म्हणजे तिकीटबारीला मारक, ठरवले, एवढे खरे. त्याच यादीत ग्रेटा गार्बो आणि मार्लीन डिट्रिचही होत्या. पुढचे तिने १९९१ च्या आत्मचरित्रात स्वतः सांगितले आहे. त्या पुस्तकाचे इंग्रजी नाव मराठीतही ‘मी’ असेच वाचता येते, आणि ते तिला शोभते. हा चित्रपट ज्यावर बेतला आहे, ते फिलिप बॅरी यांचे नाटक १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तिनेच गाजवले होते. उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांनी चित्रपटाचे हक्क विकत घेऊन तिला दिल्यामुळे ते तिच्या हातात होते. एमजीएमचे प्रमुख लुई बी. मेयर यांच्याशी तिने स्वतः बोलणी केली, स्वतःची भूमिका पक्की केली आणि सोबत मोठे नट मागितले. तिला क्लार्क गेबल आणि स्पेन्सर ट्रेसी हवे होते. मिळाले कॅरी ग्रँट आणि जेम्स स्ट्युअर्ट. ज्या स्टुडिओने दया केली म्हणतात, त्यालाच हे कथानक तिच्याकडून घ्यावे लागले.

ऑस्करचे म्हणणे तर सरळ चूक आहे. तिला नामांकन मिळाले, पुरस्कार ‘किटी फॉइल’साठी जिंजर रॉजर्सला गेला. या चित्रपटाची दोन ऑस्कर जेम्स स्ट्युअर्ट आणि पटकथाकार डोनाल्ड ऑग्डेन स्ट्युअर्ट यांना मिळाली.

भाचीला मी हा चित्रपट पाहायला सांगितले आहे, वडिलांच्या त्या प्रसंगाची आधीच कल्पना देऊन. संदेश पाठवणाऱ्या बाईंना फोन करून माईकचे ते उत्तर मी जसेच्या तसे ऐकवले, आणि त्यांनीही चित्रपट पाहिलेला नव्हता.