‘पावडरवाल्यांचा एजंट’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, माशांच्या खाद्यात प्रोबायोटिक, म्हणजे पचनाला मदत करणाऱ्या जिवंत जंतूंची पावडर, मिसळण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं तीन गोष्टींत येतं. आज्यानं मामा तलावात (जुन्या माजी मालगुजारी तलावात) रोहू-कतला पोसला तेव्हा कुठली पावडर होती? माशाला जंतू चारायचे आणि तेच मासे माणसानं खायचे का? आणि एका शेततळ्यावरून ‘फायदा झाला’ असं लिहायला पावडरवाल्यानं किती दिले?

दिले काहीच नाहीत. पुडा साकोलीहून रोखीनं आणला.

आज्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मामा तलावात आपण बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतो, मग पाणी आणि देव पाहून घेतात. गाळ, शेण, शेवाळ, पाण्यातले बारीक जीव हेच तिथलं खाद्य. तिथं प्रोबायोटिक टाकणं म्हणजे पैसे तलावात टाकणं. मासेमारांच्या ढिवर सोसायटीच्या कोणाला कोणी हा पुडा विकत असेल, तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. पण माझं शेततळं प्लास्टिक अंथरलेलं आहे. खाली माती नाही, मासे दाट, आणि पोट सगळं माझ्या ढेप-कोंड्यावर. तिथं प्रश्न पचनाचा येतो.

रोहू, कतला, मृगळ या माशांना जठरच नसतं, हे तुम्हाला माहीत असेल. खाल्लेलं सरळ लांबलचक आतड्यात जातं. वाटेत आपल्या पोटासारखं आम्ल नाही, म्हणून खाद्यातले जिवंत जंतू आतड्यापर्यंत पोचतात. तिथं ते पाचक रस सोडतात आणि रोगजंतूंची जागा अडवतात. पण मासा चोवीस तास पाण्यात असतो, पाण्यातले जंतू सतत आत-बाहेर करतात. त्यामुळं एकदा देऊन भागत नाही. बंद केलं की असर ओसरतो. ‘महिन्यातून एकदा पुरे’ असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याचं ऐकू नका.

जंतूंच्या भीतीबद्दल थोडक्यात. पुड्यावर बहुतेक बॅसिलस सबटिलिस असतो. तो शेतातल्या मातीत आणि वाळल्या गवतातही सापडतो. दुसरा लॅक्टोबॅसिलस, दह्याच्या गोतावळ्यातला. अँटिबायोटिकपेक्षा मला हे बरं वाटतं. युरोपियन युनियननं जनावरं वाढवण्यासाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद केलं, ते उगाच नाही. बॅसिलस बीजाणू (टणक कवचाचं झोपलेलं रूप) धरून बसतो म्हणून उन्हाळा सोसतो. लॅक्टोबॅसिलसचा पुडा मे महिन्यात टिनाच्या खोलीत ठेवलात तर चारता ते मेलेलंच. मी मागच्या लेखात हे लिहिलं नव्हतं, चूक माझी. नाव आणि ग्रॅममागे जिवंत जंतूंची संख्या छापलेली नसेल, तो पुडा घेऊच नये.

आता हिशेब. खाद्य ४० रुपये किलो धरा. पावडर ४०० रुपये किलो, खाद्याच्या किलोला ५ ग्रॅम, म्हणजे २ रुपये वाढले. आधी किलोभर मासा वाढायला १.८ किलो खाद्य लागत असेल, तर खर्च ७२ रुपये. पावडरीसकट ७२ रुपयांत बसायचं तर खाद्य १.७१ किलोवर यायला पाहिजे. त्याच्या खाली आलं तरच फायदा. हिवाळ्यात पाणी गार झालं की मासा खाणंच कमी करतो, तेव्हा मी पावडर देत नाही.

आणि एक नुकसान झालेलंही सांगतो, कारण ते मी दडवलं होतं. हेच जंतू गुळाच्या पाण्यात मुरवून थेट तळ्यात ओतायचे, असं कोणीतरी सांगितलं. श्रावणातल्या दोन-तीन झाकोळल्या दिवसांत मी ते केलं. पहाटे पाचला पाहतो तर मासे वर येऊन तोंडं वासून उभे! गुळावर जंतू फोफावले आणि पाण्यातला ऑक्सिजन त्यांनी ओढला. पहाटे तो तसाही सगळ्यात कमी असतो. मोटर लावून पाणी उडवलं म्हणून बहुतेक वाचले, तरी चाळीसेक रोहू गेले. खाद्यात मिसळणं वेगळं आणि पाण्यात ओतणं वेगळं, हे मी लेखात एका वाक्यात गुंडाळलं. तिथं तुमचा राग रास्त होता.

तिसरा मुद्दा सगळ्यात पक्का. माझ्याकडे तुलनेचं तळं नव्हतं. त्या वर्षी पाऊस बरा झाला, बोटुकलीही मोठी आली होती. मग वाढ पावडरीनं झाली की पाण्यानं, कसं सांगणार? एकाच तळ्यात दोन जाळीचे पिंजरे टाकून भागणार नाही, जंतू पाण्यातून इकडचे तिकडे जातात. म्हणून यंदा चुलतभावाचं शेततळं धरलं आहे. बोटुकली एकाच लॉटची, खाद्य एकाच गिरणीचं, माझ्यात पावडर, त्याच्यात नाही. दर पंधरवड्याला वीस-वीस मासे तोलतो. वही ठेवली आहे.

दिवाळीनंतर जाळं टाकू तेव्हा या. वजनकाटा तुमचाच आणा, आमच्याला तुम्ही एजंटाचा म्हणाल.